सरूला पार बांधू नये

माझ्या कामाच्या वहीत दर पानावर तीन रकाने असत. पहिला झाडाचा, दुसरा तक्रारीचा आणि तिसरा 'मालकाने आधी काय केले' याचा. नोकरीला लागलो तेव्हा नमुन्यात तिसरा रकाना नव्हता. तो मी स्वतः पट्टी घेऊन आखला आणि पुढे दरवर्षी थोडा थोडा रुंद करत गेलो, कारण झाडाच्या दुखण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडायचं.

शेतकी खात्यात मी बागाईत ओव्हरसियर होतो आणि नगर जिल्हा माझ्याकडे होता. ऊस, ज्वारी, कापूस यांच्यासाठी माझ्याहून मोठी माणसं नेमलेली होती. त्यांतून उरलेलं जे जे हिरवं, ते माझं: लिंबू, मोसंबी, डाळिंब, कचेऱ्यांपुढची शोभेची झाडं, पेन्शनर मंडळींच्या कुंड्या. लोक मला 'झाडाचा डाक्टर' म्हणत. डॉक्टरला नाडी तरी सापडते. मला जमीन उकरावी लागायची.

कोपरगावला एका निवृत्त हेडमास्तरांनी कुंडीतल्या नाताळच्या झाडासाठी बोलावलं होतं. फांद्या पिवळ्या पडून लोंबत होत्या. तिसऱ्या रकान्यात त्यांच्याच तोंडचं लिहिलं: 'दर रविवारी दोन चमचे एरंडेल.' का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पोट साफ नसलं की रंग असाच पडतो. पस्तीस वर्षं पोरं पाहिलीत मी." कुंडी उचलून पाहिली, तर सतरंजी ओली होते म्हणून बुडाचं भोक त्यांनी लाखेने बुजवलेलं. आत पाणी तुंबून मुळांचा चिखल झाला होता. निदान मास्तरांचं बरोबर होतं, औषध तेवढं चुकलं. जामखेडच्या बाजूला मात्र मुळं कुजल्याची तक्रार मी एकदाही लिहिली नाही. तिकडे झाडं तहानेने मरत, आणि तहान ओळखायला ओव्हरसियर लागत नाही.

मूळकूज हा पाण्याचा आणि कौतुकाचा रोग आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की हवा जाते, मुळं मऊ पडतात आणि त्यांवर बुरशी चढते. वर पाहणाऱ्याला दिसतं काय, तर पानं मलूल. म्हणून तो आणखी पाणी घालतो. झाड अधिक मलूल होतं. तो आणखी घालतो. असं माणूस आणि झाड एकमेकांना ओढत शेवटापर्यंत नेतात.

हे सगळं एका ठिकाणी, एकाच अंगणात, मोठ्या थाटामाटात चाललेलं मी पाहिलं ते राहुरी तालुक्यात. महायुद्ध चालू होतं आणि बुरशीवरचं मोरचूद मिळेनासं झालं होतं, ते दिवस. एक पोस्टकार्ड आलं:

'आमच्या दारी पाच सरू आहेत. पैकी मधला मलूल आहे. झाडे जुनी व मानाची आहेत. तरी उंची औषध घेऊन येणे.'

खाली सही 'आप्पा, सरूची वस्ती.' एवढाच पत्ता.

देवळाली प्रवरेपासून पाटाच्या कडेने सायकलवर चार मैल गेलो. वस्ती लांबूनच दिसली, कारण त्या सपाट उसाच्या मुलखात दुसरं उंच असं काही नव्हतं. सरू हे मुळात थंड हवेतलं झाड. खवल्यांसारखी बारीक पानं, फांद्या अंगाशी धरलेल्या. मिटलेली छत्री उभी करून ठेवावी तसं दिसतं. अशा पाच छत्र्या घरापुढे ओळीने उभ्या होत्या. चार हिरव्या, मधली विटकरी. आणि प्रत्येकीच्या बुंध्याला कमरेइतका उंच, घडीव दगडांचा, चुन्यात बांधलेला पार.

पार पाहिला आणि मी सायकलवरूनच वहीतला तिसरा रकाना मनात भरून टाकला.

आप्पा पारावर बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, पांढऱ्या मिशा, आवाज पाटापलीकडे ऐकू जाईल असा. त्यांनी आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"औषध आनलंय?"

"आधी झाड पाहू द्या. हे पार कुणी बांधले?"

"म्याच. नातवाच्या बारशाला. गवंडी आठ दिस राबले. पंचक्रोशीत सरूला पार कुठं हाय का दाखवा."

नव्हता, आणि त्याला कारण होतं. पिंपळाला, वडाला पार चालतो. ती झाडं चिवट. मातीत पुरलंत तरी वरून नवी मुळं काढतात. सरूचा जमिनीला टेकणारा बुंधा, ज्याला आम्ही झाडाचा गळा म्हणतो, तो कोरडा आणि उघडा लागतो. आप्पांनी पाच झाडांचे पाच गळे कमरेइतक्या मातीत पुरले होते. देवाच्या झाडाला जो मान, तो आपल्या झाडाला, एवढाच त्यांचा हेतू. मग पार आला म्हटल्यावर पाणी आलं: धाकट्या सुनेने रोज सकाळी प्रत्येक सरूला एक कळशी घालायची. शिवाय मधल्या सरूला न्हाणीची मोरी वळवलेली.

"मधल्यालाच का?"

"थोरला हाय त्यो. थोरल्याला जास्ती नगं?"

"पाचही एकाच दिवशी लावलेत ना?"

"व्हय. तरीबी मधला थोरलाच."

शिवाय अमावास्येला ताक, आणि पानं पिवळी पडल्यापासून शेंदूर. पाराच्या मागे बांधाला लागून ऊस, त्याला पाटाचं पाणी. ते झिरपून खालून येत होतं. म्हणजे झाड वरून, खालून आणि घरातून, तिन्हीकडून भिजत होतं. मी पाराची माती एका बाजूने हातभर उकरली, बुंध्याची साल चाकूने खरवडली. निरोगी साल आतून पांढरट, किंचित हिरवी आणि ओलसर असते. ही तपकिरी होती आणि बोटाने सोलली जात होती. तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे पांढरे धागे पसरले होते. आंबट, बंद कोठारासारखा वास आला.

मी सांगितलं: मधला वाचणार नाही. तो मुळासकट काढावा, मध्ये चर खणावा, आणि बाकीच्या चौघांचे पार फोडून गळे मोकळे करावेत. नाहीतर दोन पावसाळ्यांत ओळ जाईल.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"साहेब, औषध काय असंल त्ये द्या. फोडाफोडीचं बोलू नगा."

माझ्या वहीत झाड कापायच्या आधी त्या वस्तीवर तीन खेपा लिहिलेल्या आहेत. दुसऱ्या खेपेला गेलो तर माझा मान राखायचा म्हणून त्यांनी पाचही पारांना नवा चुना लावून ठेवला होता. तिसऱ्या खेपेला, श्रावणात, मधला सरू गोठ्याच्या बाजूला कलला होता. गोठ्यात बैल होते. बैलांसाठी आप्पा काहीही करायला तयार असत, त्यामुळे मधला कापायला ते राजी झाले. "पन बाकीच्या चौघांच्या दगडाला हात लावायचा न्हाई," त्यांनी बजावलं.

आप्पांचं त्या झाडांवर एवढं का अडलं होतं, ते मला त्याच दिवशी कळलं. मी बुंध्याला खडूने खूण करत होतो, तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून तात्या आले. तात्या आप्पांचे चुलतभाऊ. त्यांच्याहून डझनभर वर्षांनी लहान, गोल, गुळगुळीत, सदा तंबाखू मळणारे. दोघांच्या वस्त्यांत एक बांध आणि एक भांडण होतं. भांडण पोळ्याच्या मानाचं. पोळ्याला गावाच्या वेशीत तोरणाखालून पहिली बैलजोडी जाते ती मानाची, आणि तिचा कासरा ज्याच्या हाती तो त्या वर्षीचा सगळ्यात ताठ माणूस. कित्येक वर्षं तो कासरा आप्पांच्या हाती होता. का, तर त्यांचं म्हणणं असं की ही वस्ती त्यांच्या आज्याने बसवली आणि त्याच दिवशी हे पाच सरू लावले. शंभर वर्षांची झाडं उभी होती. दुसरा पुरावा कशाला?

"शंभर!" तात्या मला म्हणाले. "साहेब, ह्यो सरू माज्या बापानं लावलाय. माज्या जल्माच्या साली. घर तवा एक हुतं. वाटनीत जागा ह्यांच्याकडं गेली म्हनून काय बाप बी गेला?"

"तुझा बाप आन झाड लावनार?" आप्पा म्हणाले. "त्यानं उभ्या जल्मात दुसऱ्याच्या झाडाच्या कैऱ्या पाडल्या."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण धंद्यातली एखादी गोष्ट आपल्याला येते आणि समोरच्याला येत नाही, अशा वेळी गप्प बसणं मला आजवर जमलेलं नाही. मी म्हणालो, "वाद कशाला? झाड कापलं की त्याचं वय कळतं."

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

मी समजावून सांगितलं. पाऊसपाण्यात झाड भराभर वाढतं तेव्हा लाकूड फिकट आणि रुंद बनतं. कोरड्या दिवसांत वाढ अडते तेव्हा गडद, बारीक रेघ उठते. एक फिकट, एक गडद, मिळून एक वर्ष. बुंधा आडवा कापून कडेपासून मध्यापर्यंत कडी मोजत जायचं. तात्यांचा हात तंबाखूवर थांबला.

"म्हंजी शंभर भरली तर आज्या, आन बासष्ट भरली तर माजा बाप?"

"तसंच म्हणायचं."

"मंग ल्ह्या."

माझ्याकडे कागद होता, अक्षर बरं होतं, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. गावातल्या चार जाणत्यांना बोलावून मी लिहून दिलं की, ज्या माणसाने हे सरू लावले त्याच्या हाती, तो हयात नसल्यास त्याच्या वारसाच्या हाती, मानाचा कासरा राहील. आप्पांनी अंगठा दिला. मला वाटलं, जरा सावकाश दिला. तात्यांनी झोकात सही केली. 'हयात नसल्यास' हे शब्द मी केवळ सवयीने घातले. लावणारा हयात असेल, हे तिथल्या सात माणसांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी सातवा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कापणी ठरली. मी रात्रीच यादी केली होती: दोर, दोन पहारी, कुदळी, घमेली, टाचण्यांची डबी, भिंग, जपून ठेवलेला मोरचुदाचा डबा, सायकल झाडापासून लांब. मधला पार आधी उकलला. मग दोर बांधला आणि करवत चालवणारे दोघे बसले. गावातलं निम्मं माणूस बांधावर होतं.

करवत चार बोटं आत गेली नाही तोच झाडाने कुरकुर केली. दोर ओढा म्हणायच्या आत ते आपल्या आपण निघालं, गोठ्याकडे नाही, दोराकडे नाही, तर भलत्याच बाजूला. मुळांनी कधीच जमीन सोडली होती. ओल्या काथ्यासारखी ती तुटत गेली. धूळ बसल्यावर पाहिलं, तर सायकल बरोबर खाली. यादीत 'लांब' लिहिलं होतं, 'किती लांब' हे लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मी अंतर आकड्यात लिहितो.

बुंधा नीट आडवा कापून घेतला. मी भिंग घेऊन उकिडवा बसलो. दर दहाव्या कड्यावर टाचणी टोचायची, म्हणजे चूक होत नाही. दहा झाली. वीस झाली. लोक बरोबर मोजायला लागले. देवळातल्या आरतीसारखा एक सूर लागला. तीस. आप्पा डोळे मिटून उभे. चाळीस. तात्या माझ्या खांद्यावर वाकलेले. एकेचाळीस.

आणि पुढे काही नव्हतं. पुढे भोक होतं.

कुजण्याची रीतच ती. रोग मुळातून चढतो आणि बुंध्याचं जुनं, मधलं लाकूड खात जातो. कळशी बसेल एवढी पोकळी होती. आत तपकिरी भुसा, ओला, पांढऱ्या धाग्यांनी विणलेला. झाडाची सगळ्यात जुनी वर्षं नेमकी तिथे होती.

"म्होरं?" कुणीतरी विचारलं.

"पुढची कुजली," मी म्हणालो.

"वर्सं कुजली?"

"वर्षांचं लाकूड कुजलं."

आणि बाजार सुरू झाला. "भोकात साठ हाईत!" आप्पा गरजले. "एवढ्याशा भोकात साठ? एकवीस!" तात्या ओरडले. एका म्हाताऱ्याने काडी घालून पोकळी मोजली आणि पस्तीसची बोली केली. दुसऱ्याने तीस. मी सांगायला गेलो की बारमाही पाणी पिणारं झाड कधीकधी वर्षात दोन कडीही टाकतं, तेव्हा एकेचाळीसचाही भरवसा नाही. माझा असा तिरस्कार दोन्ही पक्षांनी एकाच वेळी कधी केला नव्हता.

"मंग मोजत कशाला हुता घटकाभर?" तात्या म्हणाले.

त्याच वेळी आप्पांच्या घरून जिजाआक्का ताकाची घागर घेऊन आल्या. आप्पांची बायको. तीन खेपांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. ताक, भाकरी, पाणी वेळच्या वेळी येई आणि त्या आत जात. त्यांनी घागर खाली ठेवली, गर्दीतून वाट काढली आणि पोकळीत डोकावून पाहिलं.

"काय हुडकताय ह्यात?"

"वय, आक्का. झाडाचं वय," मी म्हणालो.

"त्याला कापाया कशाला पायजे हुतं? मला इचारायचं."

"तुला काय ठावं?" आप्पा घाईने म्हणाले. "जा तू घरात."

"म्याच लावलेलं, मला न्हाई ठावं?" आक्का माझ्याकडे वळल्या. "नांदाया आले त्या वर्सीची गोष्ट. बाप माझा नगरच्या छावनीत दूध घालायचा. साहेबाच्या बंगल्यापुढं ही झाडं. मला लई आवडायची. माळ्यानं सात रोपं दिली. गाडीत पायाशी ठिवून आनली. दोन वाटंत मेली."

तात्या हसले. "वैनी, ही झाडं माज्या बापानं लावली."

"भावजी, तुमी तवा सात वर्सांचं. शेरडं खातील म्हनून म्या दर रोपाला फुटक्या माठाचं बूड काढून घातलं हुतं. तुमी बांधावर बसून त्या माठांवर दगडाचा नेम धरायचा. एक फोडलाबी. तुमच्या आईनं तुमाला उसानं बडवलं. आठवतंय का?"

तात्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा हात आपोआप मागे गेला.

"पुरावा काय?" एका जाणत्याने विचारलं.

"बुडाशी उकरा. माठाचं त्वांड आसंल."

उपटलेल्या मुळांत मी स्वतः हात घातला. बुंध्याच्या अगदी खाली, मुळं फुटतात तिथे, भाजक्या मातीचा काठ लागला. झाड वाढता वाढता त्याने माठ फोडला होता, पण काठाचा मोठा तुकडा सालीत रुतून बसला होता. सालीवर पाराच्या मातीची वरची खूण होती तिथून तो पुरता कमरेइतका खाली होता. जमीन मूळची कुठे होती आणि आप्पांनी ती कुठवर चढवली, हे सगळ्या गावाला एका खापराने दाखवलं. मी तीन खेपांत घसा कोरडा करून जे सांगत होतो ते हेच.

मग हिशेब केला. आक्का नांदायला आल्या त्याला पंचावन्न वर्षं. एकेचाळीस कडी, आणि पोकळी चौदा-पंधराची. जुळत होतं. मी मोठ्याने तसं म्हणालो, पण माझं कौतुक करायला कुणी मोकळं नव्हतं; सगळे आप्पांकडे पाहत होते.

आप्पा जमिनीकडे पाहत होते. तरी तात्या सोडतात कुठले?

"म्हंजी आज्याचं समदं खोटं! आप्पा, पंचावन वर्सं खोटं बोललास?"

"त्यांना कशाला बोलता?" आक्का म्हणाल्या. "पयल्या उन्हाळ्यात हिरीवरनं पानी ह्येच आनायचे. मला दिस गेल्यालं, जमायचं न्हाई. कुनी इचारलं तर काय सांगनार? बायकुच्या रोपांस्नी पानी घालतो? तुमच्यासारक्यांनी जगू दिलं असतं? तवा ह्ये म्हनले, आज्याची झाडं हाईत. आज्या मेलेला, त्यो कशाला न्हाई म्हनतो?"

बांधावर एकजण हसला, मग सगळेच. आप्पांच्या मिशा हलल्या. मला वाटतं, त्या खोट्यावर मान पुढे कधीतरी चढला. आधी ते नुसतं पाणी घालायचं निमित्त होतं.

तात्या मात्र कागदाचे पक्के. त्यांनी खिशातून घडी काढून माझ्या हातात दिली. "वाचा साहेब. मला न्हाई मिळाला तर न्हाई. ह्यालाबी न्हाई मिळाला पायजे."

मी वाचलं. 'ज्या माणसाने हे सरू लावले त्याच्या हाती.' जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईच्या हाती पोळ्याचा कासरा त्या गावाने कधी पाहिला नव्हता. पण सह्या, अंगठे सगळे जागच्या जागी होते.

"म्हंजी मान माजा?" आक्कांनी विचारलं.

"कागदाप्रमाणे तुमचाच."

"मंग मी त्यो कुनालाबी दिऊ शकते?"

"कागदात मनाई नाही."

आक्कांनी पदर खोचला. "मंग ऐका. ऱ्हायलेल्या चार सरूंचे पार आजचा दिस बुडायच्या आत फुटले, तर कासरा ह्यांच्या हाती. न्हाई फुटले, तर भावजींच्या."

आप्पा वर पाहत राहिले. चार पार. गवंड्यांचे आठ दिवस. ताजा चुना. माझ्या तीन खेपा ज्यांच्यापुढे फुकट गेल्या, ते दगड. मग त्यांनी माणसांच्या अंगावर ओरडायला तोंड उघडलं, मिटलं आणि स्वतः पहार उचलली.

त्या दुपारी मी जितकं काम पाहिलं तितकं नोकरीत कधी पाहिलं नाही. आप्पा आणि त्यांचे दोन मुलगे पार उकलत होते, सुना घमेल्यांनी माती वाहत होत्या, आणि ज्या सुनेने पाच वर्षं रोज कळशा घातल्या होत्या तिचा उत्साह विशेष पाहण्यासारखा होता. मी मागोमाग गळे उघडत गेलो, कुजकी साल खरवडून मोरचूद-चुन्याचा लेप देत गेलो. दोन झाडांचा गळा शाबूत होता. तिसऱ्याला नुकती लागण. तीन पार दिवस कलायच्या आत आडवे झाले.

चौथ्यावर तात्या बसले होते.

"तात्या, उठ," आप्पा म्हणाले.

"दमलोय रं. जरा बसू दे. तंबाखू खातो आन उठतो." त्यांनी मळायला घेतली. इतक्या सावकाश तंबाखू मळलेली मी पाहिली नाही. सूर्य उसाच्या शेंड्यांवर आला. आप्पांनी पहार उगारली, तेव्हा मी मध्ये पडलो. झाडाच्या रोगावर लेप होता, तात्यांसाठी माझ्याकडे काही नव्हतं.

आक्का लांबूनच म्हणाल्या, "बसा भावजी, सावकाश बसा. त्या दगडाखाली सकाळी इंगळी शिरल्याली हाय. पाय तेवढं वर घ्या."

तात्या त्या वयात दोन हात उडाले. तंबाखू सांडली. आप्पांनी पहिला दगड काढला. खाली गांडूळ होतं.

चारांपैकी तीन सरू जगले. चौथ्याचा गळा आम्ही उघडला तोवर उशीर झाला होता. पुढच्या वर्षी तो गेला, आणि तो वहीत 'बरा झाला' असा आधीच लिहून बसल्याचं मला अजून वाईट वाटतं. पहिल्याच खेपेला मी आप्पांना सोडून घरातल्या बाईशी बोललो असतो, तर कदाचित मधलाही आणखी काही वर्षं तगला असता. त्या दिवसापासून वहीत चौथा रकाना आला: 'झाड कोणी लावले.'

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मी वाकलेली सायकल दोरीने बांधून पायी निघायच्या तयारीत होतो. गोठ्यात मुलगे बैलांचे खांदे मळत होते. आप्पा उरलेल्या दगडांच्या ढिगावर बसले होते. हाताला फोड, उजवा हात वर उचलत नव्हता. आक्का वाटीत उरलेली हळद-तूप घेऊन आल्या आणि त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी सरळ बाजूला ओढून खांदा चोळायला लागल्या.

"अगं, म्या काय बैल हाय का?"

"गप बसा. उद्या म्होरं चालायचंय न्हवं?"